मागणं विचारायचं नसतं

९ जानेवारी

प्रिय ठमे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी निदान हातात घ्यावं लागतं. मावशी म्हणते, माझी पत्रं तू टेबलाच्या खणात टाकतेस. वाचतेस की नाही ते तिला ठाऊक नाही. खणात तर खणात.

आज मी आपल्या घरचा नियम मोडायला बसलेय, तेही चांगली शुद्धीत. रोज संध्याकाळी जपमाळ संपली की ज्याने त्याने मोठ्याने एक मागणं मागायचं, बाकीच्यांनी 'प्रभू, आमची प्रार्थना ऐकून घे' म्हणायचं, आणि नंतर त्या मागण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. विचारायचं नाही, चिडवायचं नाही, जेवताना विषय काढायचा नाही. 'देवाला सांगितलेलं माणसाने उकरू नये,' हे तुझ्या पप्पांचं वाक्य. शाळेत नुकती जायला लागली होतीस तेव्हा तू मागितलं होतंस, 'देवा, मला गणितात पास कर आणि बाईंना ताप येऊ दे.' या माणसाने चेहऱ्यावरची रेघ हलू न देता म्हटलं, ऐकून घे. मी मात्र तोंडात पदर कोंबून बसले होते.

तर ऐक. गेले काही दिवस पप्पा मागतात, 'देवा, ज्यांना पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागतं त्यांना बळ दे.' मी आपली भोळी. मला वाटलं, मिशनच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांसाठी मागत असतील. काल वर्कशॉपमागच्या जिन्याशी गेले, तर हे मधल्या पायरीवर कठडा धरून उभे, तोंडाने श्वास घेत. मला पाहिलं आणि म्हणाले, 'कठडा हलतोय वाटतं, बघत होतो.' कठडा त्यांनीच बसवलाय. त्यांनी बसवलेलं काही हलत नाही, हे तुलाही माहीत आहे.

तुला काळजी वाटावी म्हणून लिहीत नाही. वाटली तर वाटू दे.

तुझी आई

२ फेब्रुवारी

ठमे,

घरात सध्या युद्ध चाललंय आणि देवाला मध्ये घातलंय.

परवा मी मागितलं, 'देवा, ज्यांच्या पायाला सूज आहे आणि जे दोन-दोन मोजे चढवून ती लपवतात, त्यांना डॉक्टरकडे जायची बुद्धी दे.' तुझे पप्पा शांतपणे म्हणाले, 'प्रभू, आमची प्रार्थना ऐकून घे.' मग त्यांची पाळी. 'देवा, ज्यांना दुसऱ्याच्या मोज्यात डोकावायची सवय लागली आहे, त्यांना क्षमा कर.' झक मारत मलाही म्हणावं लागलं, ऐकून घे. काल मी म्हटलं, 'देवा, हट्टी माणसांच्या बायकांना धीर दे.' ते म्हणाले, 'देवा, नर्सबाईंच्या नवऱ्यांना पण.' आणि मग आम्ही समोरासमोर बसून मुकाट जेवलो. त्यांनी विचारलं, मीठ आहे का. मी म्हटलं, आहे. संपला संवाद.

हसू नकोस. किंवा हस. दिवसभर ड्रेसिंगच्या खोलीत मी लोकांचे पाय हातात घेऊन बसते. बोटाने दाबलं आणि खड्डा तसाच राहिला की ती सूज कशाची, हे मला शिकवायला नको. आणि माझ्याच नवऱ्याचा पाय मला बघायला मिळत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. काल वर्कशॉपच्या खिडकीतून पाहिलं, तर हे स्टुलावर बसून रंधा मारत होते. बसून रंधा मारणारा सुतार तू पाहिलायस कधी? सुतारकाम शिकणारी पोरं आजूबाजूला उभी, कुणाची बोलायची छाती नाही.

सरळ विचारत का नाही, असं तू म्हणशील. विचारलं तर उठून जातात, 'ते देवाशी बोललो होतो' म्हणतात. आणि मला त्यांचा तो नियम कुठून आला ते माहीत आहे, म्हणून माझी जीभ अडते. तुला कधी सांगितलं नसेल त्यांनी. तुझे आजोबा प्रार्थनेतूनच पोरांना झोडायचे. 'देवा, या थोरल्याला अक्कल दे, धाकट्याची चोरी पकडून दे,' असं शेजारपाजार जमलेला असताना, मोठ्याने. पप्पा सांगतात, देवाचं नाव घेतलं की त्यांचे कान गरम व्हायचे. तेव्हाच त्यांनी ठरवलं, आपल्या घरात प्रार्थनेत बोललेलं कुणाच्या अंगावर यायचं नाही. चांगल्या मनाने केलेला नियम आहे. म्हणून तर मोडायला इतका जड जातो.

एक गोष्ट तेवढी सांगते. स्वतःचं मागून झालं की रोज शेवटी ते जोडतात, 'आणि जी दूर आहे तिला सांभाळ.' नाव घेत नाहीत. तू गेल्यापासून एक संध्याकाळ चुकलेली नाही.

तुझी आई

११ मार्च

ठमे,

शेवटी मी लबाडी केली. तपासणीच्या खोलीतलं बाक मोडलंय, मापं घ्यायला या, असा निरोप पाठवला. हे टेप घेऊन आले आणि डॉक्टरांनी दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा टेप हातातच होता, माझ्याकडे न बघता म्हणाले, 'बाक चांगलं आहे तुमचं.'

हृदय मोठं झालंय. एक झडप नीट मिटत नाही. गोळ्यांनी सूज उतरेल, पण झडपेचं काम इथे होत नाही. घरी जा, तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करा, आणि पावसाळ्याची वाट बघू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मिशनच्या फादरनीही लगेच सांगितलं, तिकिटांचं आम्ही बघतो, वर्कशॉप दुसरं कुणी सांभाळेल. म्हणजे अडचण कसलीच नाही. अडचण एकच, तुझे पप्पा.

'पोरांची परीक्षा होऊ दे, मग बघू,' म्हणतात. परीक्षा कसली, टेबल करायचं असतं पोरांना. मी ओरडले, रडले, अबोला धरला. ढिम्म. आणि संध्याकाळी खाली मान घालून म्हणाले, 'देवा, जिथे माझ्यासाठी दार उघडणार नाही, तिथे मला पाठवू नकोस.'

मी 'ऐकून घे' म्हटलं नाही, ठमे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून ते शब्द निघाले नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःच म्हटलं.

तर आता कळलं ना? हा माणूस ऑपरेशनला घाबरत नाही. तुझ्या दाराला घाबरतो. आपण घर सोडून इथे मिशनच्या कामाला आलो तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. बिशपांनी वेदीसमोर तिघांच्या गळ्यात क्रूस घातले, लोकांनी हार घातले, 'सगळं कुटुंब निघालं देवाच्या कामाला' म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत तुला कुणी विचारलं नाही, हे मला कळतं. त्यासाठी माझ्यावर हवा तेवढा राग धर. पण आत्ता एक कर. एका कागदावर 'या' लिही आणि पाठव. एकच अक्षर आहे. खाली नाव नको, 'प्रिय' नको, काही नको. तुझं अक्षर ते ओळखतात.

तुझी आई

६ एप्रिल

ठमे,

'या' आलं नाही. रोज टपालाच्या वेळेला मी काहीतरी निमित्त काढून ऑफिसात जाते. तिथला कारकून आता मला पाहिलं की आधीच मान हलवतो.

हे पत्र मी रागाने सुरू केलं होतं. अर्धं पान भरलं होतं, त्यात तुला दगड म्हटलं होतं आणि आणखीही काही. ते पान चुलीत घातलं, कारण मध्येच शिवण शिकवणाऱ्या सिस्टर आल्या. तुला घेऊन घरी गेल्या होत्या त्याच. आता त्या दुसऱ्या केंद्रावर असतात, पप्पांची तब्येत कळली म्हणून भेटायला आल्या. पप्पा वर्कशॉपमध्ये होते. आम्ही दोघी दाराशी चहा घेत बसलो, आणि बोलता बोलता तुझा विषय निघाला.

तुझं शेवटचं पत्र मला पाठ आहे. पत्र कसलं, दोन ओळी. 'तुम्ही दोघं रोज देवाला म्हणायचात ऐकून घे. तुम्ही स्वतः कधी ऐकलंत?' खरं होतं ते. तू सतरा वर्षांची होतीस. त्या संध्याकाळी तू मागितलं होतंस, 'देवा, मला इथून परत पाठव, मी इथे गुदमरतेय.' आम्ही दोघांनी म्हटलं, ऐकून घे. आणि मी उठून ताटं घेतली. दुसऱ्या दिवशी तू तेच मागितलंस, तिसऱ्या दिवशीही. तू आमच्या तोंडाकडे बघायचीस. मला वाटायचं, विचारू. पण नियम. मी यांच्याकडे बघायचे, हे जमिनीकडे. मग एकदम सिस्टर म्हणाल्या, मी रजेवर घरी चाललेय, मुलीला पाठवता का माझ्याबरोबर? आणि त्याच आठवड्यात मावशीचाही निरोप आला, पाठवा तिला, कॉलेजचं मी बघते. मी म्हटलं, देवाने ऐकलं. तूही तेच समजलीस. देवाने ऐकलं, सिस्टरने दया केली, आणि आईबाप भिंतीसारखे बसून राहिले.

सिस्टरने कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, 'अहो, मी कसली दया करते? तुमचे हे आले होते माझ्याकडे.'

पहिल्याच संध्याकाळी, ठमे. तू मागितलंस, आपण जेवलो, आणि हे 'पाण्याची टाकी बघून येतो' म्हणून बाहेर पडले. शिवणाच्या खोलीच्या दारात उभे राहिले, कानावर पेन्सिल तशीच, आणि म्हणाले, माझ्या मुलीला घेऊन जा. सिस्टर रजेवर जाणार नव्हत्या. यांनी त्यांना गळ घातली, यांनीच फादरांकडे जाऊन परवानगी काढली, मावशीला ऑफिसातून फोनही यांनीच केला. मला पत्ता नाही. आणि सगळ्यांना बजावलं, मुलीला कळू देऊ नका. सिस्टरने विचारलं, का हो? तर म्हणाले, 'तिने देवाकडे मागितलंय. मी दिलं असं कळलं तर तिची प्रार्थना फुकट गेल्यासारखी होईल.'

मी तशीच वर्कशॉपमध्ये गेले. पोरांना म्हटलं, जरा बाहेर जा. आणि नियम यांच्या तोंडावर मोडला.

'तिला पाठवायचं सगळं तुम्ही ठरवलं होतं?'

हे रंध्याचं पातं पुसत राहिले. 'सिस्टरच्या पोटात काही राहत नाही,' म्हणाले.

'तिला का सांगितलं नाहीत?'

'तिचं मागणं देवाकडे होतं. मी मध्ये कशाला येऊ? मला वाटलं, तिचा विश्वास वाढेल.'

'मावशी सांगते, ती रविवारच्या मिस्साला जात नाही,' मी म्हटलं. 'देवही गेला तिचा आणि बापही गेला. काय मिळवलंत तुम्ही?'

पातं यांनी खाली ठेवलं. मिस्साचं त्यांना माहीत नव्हतं, मी आजवर लपवलं होतं. मग स्टुलावर बसले आणि नखाने बाकाची कड खरवडत म्हणाले, 'म्हणजे सगळंच चुकलं.' त्यांचा तो चेहरा मला विसरता येत नाही. सतरा वर्षांची पोर पाठवून दिली तेव्हाही असा झाला नव्हता. तेव्हा निदान आपण बरोबर केलं असं वाटत असेल.

हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला सांगितलंय. मी हो म्हटलंय. आणि लगेच लिहायला बसलेय.

तुझी आई

२९ एप्रिल

माझी ठमे,

फोनवर पलीकडून तू काय बोललीस ते तुला ठाऊक. अलीकडे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

कारकून धावत आला, 'तुमच्या मुलीचा फोन.' मी म्हटलं, वर्कशॉपमधून खुर्ची आणा, पोरं उचलून नेतील. हे म्हणाले, 'मुलीचा फोन घ्यायला काय पालखीतून जाऊ?' चालत गेले. वाटेत थांबले, पण कठडा हलतोय वगैरे सोंग केलं नाही. ऑफिसात टेबलाला टेकून फोन कानाला लावला. तू रडत होतीस तेवढं मला बाजूला ऐकू येत होतं. यांच्या तोंडून सवयीने निघालं, 'प्रभू, आमची...' आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, 'काय झालं गं, ठमे? मला सांग.'

ते वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कुणालाच विचारलेलं नव्हतं. कारकून उगाच कपाटातले कागद लावायला लागला. मग फोन कट झाला. लाइनचं इथे असंच असतं, पण यांना वाटलं तूच ठेवलास. मी म्हटलं, अहो, लाइन गेली. तरी हातात धरून बसले होते. शेवटी म्हणाले, 'या म्हणाली. बाकीचं समोर बसून सांगते म्हणाली.' आणि परत येताना वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, 'आम्ही निघतोय हां, मुलगी बोलावतेय.' जसं काही तू राजवाड्यात राहतेस. चष्म्याच्या दुकानात कामाला आहेस आणि मावशीच्या मागच्या खोलीत राहतेस, हे सांगायची काही गरज त्यांना वाटली नाही.

वीस मेची तिकिटं काढलीत. सूज पुष्कळ उतरलीय. बॅग भरायला घेतली तर त्यात माझी एक साडी मावायची मारामार, कारण यांनी पटाशा, हातोडी, स्क्रू आणि तीन हुक घातलेत. आठवतं तुला, इथल्या दारामागे टॉवेलांचे तीन हुक? तू उंच व्हायचीस तसा दर वर्षी तुझा हुक ते वर सरकवायचे. जुनी भोकं अजून भिंतीत आहेत. ती बुजवू देत नाहीत मला. म्हणाले, 'तिच्याकडे आपले टॉवेल कुठे अडकवायचे? आणि एक तिच्यासाठी. आता किती उंच झालीय ते बघून लावू.'

येतोय आम्ही.

तुझी आई

१८ मे

ठमे,

फोनवर मला धड बोलता आलं नाही. तू सारखं विचारत होतीस, कसं झालं, कसं झालं, आणि मी तुला भलतंच काही सांगत बसले. आता सांगते.

दुपार होती. पोरांना ड्रॉवर बसवायला शिकवत होते. खुर्चीवर बसूनच. 'ढकलू नका, हवा बाहेर जाऊ द्या, आपोआप आत जाईल,' म्हणाले, आणि तो आत जातोय का ते बघायला वाकले. पोरांना वाटलं, बघतायत. कितीतरी वेळ कुणी हात लावला नाही. मी पोचले तेव्हा मला काही करायला उरलं नव्हतं. मी नर्स आहे, मला दारातूनच कळलं.

पेटी पोरांनी केली. रडत रडत केली, त्यामुळे एका कोपऱ्याचा सांधा उघडा राहिला. मी बोट घालून पाहिलं. पप्पांनी ती परत खोलायला लावली असती. मी काही बोलले नाही. इथल्या दफनभूमीत, चर्चच्या मागे, भिंतीकडच्या रांगेत आहेत. इथे आलेल्या माणसाने इथेच राहायचं, हे आपण येतानाच मान्य केलं होतं. तेव्हा ते नुसतं ऐकायला फार छान वाटलं होतं.

आदल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. जपमाळ झाली. माझं मागून झालं. यांची पाळी आली. यांनी जपमाळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, 'आज काही मागणं नाही.' रोजचं ते 'जी दूर आहे तिला सांभाळ' पण नाही. मी नियम मोडला. आता काय, सवयच लागली होती. विचारलं, 'का हो?' रागावले नाहीत. म्हणाले, 'आता तिलाच विचारेन ना समोर. तिला काय झालं होतं ते.' आणि थोड्या वेळाने म्हणाले, 'तू विचारलंस ते बरं झालं. मला वाटायचं, विचारलं तर माणसाला लागतं. तसं काही लागत नाही.'

एवढंच. त्यानंतर जेवलो. मीठ कमी होतं, त्यावरून थोडं बोललो.

आता संध्याकाळी मी एकटी बसते. मागणं मोठ्याने बोलते आणि थांबते. पुढचं म्हणायला कुणी नाही. काल मीच मागितलं आणि मीच 'ऐकून घे' म्हटलं, तर ते इतकं वेड्यासारखं वाटलं की मी उठून भांडी घासायला घेतली.

फादर म्हणतात, इच्छा असेल तर राहा, दवाखान्याला तुमची गरज आहे. तुमच्या माणसाजवळ राहाल. मी म्हटलं, माझं माणूस तिकडे पण आहे. वीस तारखेचं माझं तिकीट मी परत केलेलं नाही. हे पत्र टाकते आणि निघते. कदाचित पत्राच्या आधीच मी पोचेन. मग हे माझ्यासमोर वाच.

बॅग यांनी भरली तशीच आणतेय. हुक तिन्ही आहेत. एक कुठे लावायचा मला माहीत नाही, पण काढून टाकवला नाही. यांना इथे एकटं ठेवून निघताना पाय उचलत नाही, ठमे. ते तिकडे येणार होते, आणि मी येतेय.

मावशीकडे उशिरा पोचेन, तिला त्रास देऊ नकोस. दार तू उघड. आणि समोर बसून जे त्यांना सांगणार होतीस, ते सगळं मला सांग. सहा वर्षांचं सांग. इथे काय झालं होतं तुला, तिकडे काय झालं, रडलीस कशाला, जेवलीस की नाही, सगळं. मी 'ऐकून घे' म्हणणार नाही. मी ऐकेन.

तुझी आई